तेरावी गाठ

विद्याधर सबनीस सरांचं फळ्यावर कधी चुकत नसे. घाटकोपरच्या त्या शाळेत ही गोष्ट नळाला सकाळी सहाला पाणी येतं इतक्या सहजपणे सगळ्यांना ठाऊक होती. एकतीस वर्षं सर गणित शिकवत होते. खडू फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघे, उजव्या कोपऱ्यात पोचे, 'उत्तर' असं लिहून खाली दोन रेघा मारी आणि थांबे. तोवर वर्गात कुणी खोकतही नसे. सरांना त्या शांततेचा भारी अभिमान. शेजारच्या नववी 'क'मध्ये नव्या आलेल्या कर्णिक बाई गणित शिकवायच्या, आणि मधल्या लाकडी पार्टिशनमधून असा काही गलका यायचा की सर खडू हातात धरून मान हलवत. हा गणिताचा तास आहे की मासळीबाजार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असे.

अशा माणसाचा तोरा उतरायला एक शनिवार दुपार पुरली.

१९८६ सालचा जानेवारी होता. तीस एप्रिलला सर निवृत्त व्हायचे होते. मुलुंडच्या घरी, जेवणं झाल्यावर, ते नववी 'ड'च्या वह्या तपासायला बसले. समोर माणिकताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मटार सोलत होत्या. पहिली वही उघडली. कंसात अ उणे तीन, त्याचा वर्ग. पोराने लिहिलं होतं: अ वर्ग, उणे सहा अ, उणे नऊ.

"अधिक नऊ रे, अधिक नऊ!" म्हणत सरांनी लाल शाईने फुली मारली. दुसऱ्या वहीतही उणे नऊ. तिसऱ्या वहीत तेच. सातव्या वहीनंतर सरांनी चष्मा काढून धोतराच्या... छे, धोतर कुठलं, सर पायजमा घालत. तर पायजम्याच्या टोकाला चष्मा पुसला. आणि नवव्या वहीशी त्यांना मंगळवार आठवला. फळ्यावर हेच गणित अर्ध्यावर असताना खंडू शिपाई नोटीस घेऊन आला होता. सरांनी नोटीस वाचली, सही केली, परत फळ्याकडे वळले आणि नऊच्या आधी उणे ठोकून मोकळे झाले.

म्हणजे चूक त्यांची होती. पोरांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती.

पण खरी गंमत पुढेच होती. प्रत्येक गणिताचा ताळा पाहायचाच, अशी सरांची शिस्त. अ च्या जागी पाच घातले की डावीकडे येतात चार आणि उजवीकडे येतात उणे चौदा. पोरांनी तसं लिहिलंही होतं. 'चार बरोबर उणे चौदा. ताळा जुळला.' एका वहीत नाही, दोन वह्यांत नाही, एकावन्न वह्यांत ताळा जुळला होता, आणि त्याखाली सरांच्यासारख्याच दोन रेघा.

सरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा माणिकताई इतक्या हसल्या की मांडीवरचं ताट कलंडून मटार पलंगाखाली गेले.

"अहो, उद्या सोमवार आहे असं तुम्ही म्हणाला असतात ना, तर एकावन्न पोरं उद्या रविवारी दप्तर घेऊन शाळेत हजर झाली असती."

"एकावन्न कुठे? बावन्न आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी शेवटची वही उघडली.

ती रुक्मिणी घाडीची होती. तिसऱ्या बाकावरची, भटवाडीतून येणारी, दोन घट्ट वेण्यांची, तोंड न उघडणारी मुलगी. तिच्याही वहीत उणे नऊ होतं. पण तिथला कागद पातळ झाला होता. सरांनी वही खिडकीच्या उजेडात धरली. आधी तिथे अधिक होतं. पोरीने ते ब्लेडने खरवडून, नख फिरवून कागद गुळगुळीत करून, त्यावर उणे केलं होतं. आणि ताळ्याच्या ओळीत 'चार बरोबर उणे चौदा' एवढंच लिहून ती थांबली होती. 'जुळला' हा शब्द काही तिच्याने लिहवला नव्हता.

सरांनी लाल शाईचं पेन बंद करून बाजूला ठेवलं.

"माणिक, हिचं बरोबर होतं गं. माझ्यासाठी म्हणून हिने ते चुकवलं."

माणिकताईंचं हसू थांबलं. त्या पलंगाखाली वाकून मटार वेचू लागल्या.

"तीस एप्रिलच्या आत," सर म्हणाले, "ह्या पोरीने मला तोंडावर सांगितलं पाहिजे, सर, तुमचं चुकलं. नाही सांगितलं, तर मी एकतीस वर्षं गणित शिकवलं असं म्हणायला मी मोकळा नाही."

"मग करा की चुका. त्यात काय मोठंसं?"

"मला येत नाही चुकायला."

"माझ्याकडे या," पलंगाखालून आवाज आला. "यादी देते."

सोमवारी सर खिशात लिमलेटच्या गोळ्या घालून वर्गात गेले. आधी मंगळवारची चूक कबूल केली. बावन्न चेहरे कोरे. मग म्हणाले, "आजपासून माझी चूक जो पकडेल त्याला गोळी." आणि फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. वर्गाने चोपन्न उतरवून घेतलं. सरांनी त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे केली. वर्गाने दोनशे घेतले. शेवटी सरांनी नाराज होऊन फळ्यावर तारीखच बत्तीस जानेवारी घातली. पहिल्या बाकावरचा एक मुलगा चुळबुळला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच आपल्या वहीत बत्तीस जानेवारी केलं. पोरांचं तरी काय चुकत होतं? एकतीस वर्षं ज्याच्या हातातून पट्टी सुटली नव्हती तो माणूस एकदम गोळ्या वाटायला लागला, तर त्यात काहीतरी डाव असणार, एवढं शहाणपण भटवाडीच्या आणि पंतनगरच्या पोरांना होतं. शुक्रवारपर्यंत गोळ्या खिशात विरघळल्या आणि माणिकताईंना पँट दोनदा धुवावी लागली.

मग सरांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत शुभा कर्णिकच्या समोर जाऊन बसले. कर्णिक बाई सत्तावीस वर्षांच्या. सर समोर बसलेले पाहून त्यांनी पोळीभाजीचा डबाच बंद केला.

"बाई, तुमची पोरं एवढं बोलतात काय?"

"सॉरी सर. त्रास होतो का? मी सांगते त्यांना—"

"त्रास होतो. पण ते राहू दे. कशी बोलतात ते सांगा."

बाईंना आधी वाटलं, सर चेष्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहून त्या सरळ बसल्या. "सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

"थांबायचं कशाला? उत्तर मला येतं की."

"तेच तर. तुम्हाला येतं हे त्यांना माहितीय ना, मग ती वाट बघतात. मी मनात दहा आकडे मोजते. जीव जातो, पण मोजते. आणि आधी बाकावरच्या शेजाऱ्याशी बोलून घ्यायला सांगते. एकट्याने चुकायची भीती वाटते, दोघांत मिळून चुकलं तर काही वाटत नाही. आणि उत्तर आलं की बरोबर की चूक ते लगेच सांगायचंच नाही. 'कशावरून?' विचारायचं. बरोबर असलं तरी विचारायचं, हां. नाहीतर आपण 'कशावरून' म्हटलं की चुकलंच, हे पोरांना दोन दिवसांत कळतं."

"आणि मुद्दाम चुका?"

बाई हसल्या. "मुद्दाम केलेली चूक पोरांना लांबून वास येऊन कळते, सर. चुकायचं तर खरं चुका."

सरांनी हे सगळं पाठ टाचणाच्या वहीत टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न लिहून ते दहा मोजू लागले. चारपर्यंत घाम फुटला. सहाला खडू आपोआप फळ्याकडे निघाला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने पकडला. आठ झाले, नऊ झाले. आणि दहाला रुक्मिणीच्या बाकावरची प्रेमा आंबेरकर चाचरत म्हणाली, "सर, बारा?"

"कशावरून?" सरांनी विचारलं. सवयीने तो शब्द इतक्या जरबेने आला की प्रेमा खाली बसली. मग सरांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, जरा मऊ करून. तो मऊ काढायला त्यांना आठवडा लागला. पण लागला तो सार्थकी लागला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नववी 'ड' कुजबुजायला लागली, शेजारीशेजारी वाद घालायला लागली, आणि एके दुपारी तर असा गोंधळ उडाला की पार्टिशनवर पलीकडून टकटक झाली.

"सबनीस सर," कर्णिक बाईंचा हसरा आवाज आला, "जरा हळू ना! इथे आमचं गणित चाललंय."

सरांना कुणी असं दटावल्याला अडतीस वर्षं झाली असतील. ते घरी जाईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

पण पोरं एकमेकांच्या चुका काढत. सरांच्या नाही. रुक्मिणी तर प्रेमाच्या कानात बोले आणि प्रेमा ते मोठ्याने सांगे. शेवटी मार्चच्या सुरुवातीला सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"रुक्मिणी, जानेवारीत त्या उणे नऊच्या गणितात तुझं अधिक होतं. खरवडलंस ना?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली.

"मी रागावलो नाही गं. घरी चूक दिसली तर काय करतेस? वडील काय करतात तुझे?"

"पयले गिरणीत होते. संपानंतर सुतारकाम करतात. मी मापं लिवून देते त्यांना." मग जरा मान वर करून, "त्यांचं चुकलं तर मी लगेच सांगते, सर. ओरडतात, पन सांगते."

"मग मला का नाही सांगत?"

रुक्मिणीने खूप वेळ विचार केला. सरांनी मनात दहा मोजले, आणखी दहा मोजले.

"पप्पांचं एक सूत चुकलं तरी फळी वाया जाते ना सर," ती म्हणाली. "तुमचं चुकलं तर काय जातं?"

घंटा झाली आणि ती पळाली. सर तिथेच उभे राहिले. त्या पोरीने उद्धटपणा केला नव्हता. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या गणितातून काही वाया जाण्यासारखं बाहेर आलंच नव्हतं. सगळं फळ्यावर झालं आणि फळ्यावरच पुसलं गेलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक श्यामकांत देवस्थळी शिक्षकांच्या खोलीत कपाळाला हात लावून आले. शनिवारी मुलींचा आंतरशालेय कबड्डीचा सामना शाळेच्या मैदानावर, आणि खेळाचे सर मुलांचा संघ घेऊन चेंबूरला गेलेले. मैदान आखणार कोण?

"मी आखतो," सबनीस सर म्हणाले.

देवस्थळी सरांना आपण नीट ऐकलं की नाही कळेना. सबनीस सर मैदानात उतरल्याचं गेल्या एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, अगदी झेंडावंदनालाही ते व्हरांड्यातच उभे असत.

"नववी 'ड'ला घेऊन. पायथागोरस चाललाय आमचा. दोरीच्या बाजू तीन, चार, पाच ठेवल्या की कोपरा बरोबर काटकोनात येतो. मोठाली देवळं बांधणारे हेच करायचे."

त्या रात्री सरांनी माणिकताईंची कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि पट्टीने मापून तिला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या. तीन अधिक चार अधिक पाच, बारा. मोजून बारा गाठी. गाठी एकीसारखी एक, सुबक. दोरी पाहून ते स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या उन्हात बावन्न पोरं मैदानात. रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची एकच गोणी होती, तीही अर्धी. पुन्हा मागायची सोय नव्हती. सरांनी तिघांना खुंट्यांसारखं उभं केलं. पहिली गाठ एकीकडे, चौथी गाठ दुसरीकडे, आठवी तिसरीकडे आणि शेवटची, बारावी, परत पहिलीवर. "ताणा! आणखी ताणा! हा झाला काटकोन. दोरी खोटं बोलत नाही," असं म्हणत सर गुडघ्यावर बसले, नाकावर ओघळणारा चष्मा वर ढकलत त्यांनी एका मुलाकडून दोरीच्या बाजूने फक्की सोडवून घ्यायला सुरुवात केली. एक रेघ झाली. दुसरी रेघ सुरू झाली.

आता जे झालं ते मैदानात उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होतं, एक सरच काय ते खाली बघत होते. दुसरी रेघ कोपऱ्यातून सरळ जायच्याऐवजी आत झुकत चालली होती. असं मैदान तयार झालं असतं तर एका संघाला पळायला मैदान आणि दुसऱ्याला बोळ मिळाला असता. पोरं एकमेकांकडे बघू लागली. प्रेमाने रुक्मिणीला कोपर मारलं. रुक्मिणीने वेणी तोंडात धरली. फक्की पडत होती, गोणी रिकामी होत होती.

"सर, चुकलं!"

आवाज इतका मोठा होता की फक्की सोडणाऱ्याच्या हातून डबाच पडला. वेणी तोंडातून सुटली होती आणि रुक्मिणी घाडी दोन्ही हात पसरून त्या रेघेच्या पुढे उभी होती.

"थांबवा ना सर! फक्की वाया चाललीय! तुमचं चुकलं!"

मैदान गार पडलं. बावन्न पोरं, आणि गच्चीच्या कठड्यावरचे चार कावळे, सगळे सरांकडे बघत होते. सर सावकाश उठले, गुडघे झटकले, आणि त्यांनी त्या वाकड्या रेघेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग दोरीकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेना. बारा म्हणजे बारा गाठी होत्या, त्यांनी स्वतः मोजल्या होत्या.

"कशावरून?" त्यांनी विचारलं, आणि ह्या खेपेला ते खरंच विचारत होते.

रुक्मिणी आली आणि तिने दोरी त्या तिघांच्या हातातून घेतली. "गाठी नाय मोजायच्या सर. मधली जागा मोजायची. बारा गाठींच्या मधे अकराच जागा होतात. ही बघा, ही तीन, ही चार, आनि ही पन चारच! पाच हवी. पप्पा नेहमी सांगतात, खिळे मोजू नको, अंतर मोज." शेपटासारखी लोंबणारी उरलेली दोरी तिने ओढली, अर्धा मीटर मापला आणि गाठ मारली. तेरावी. "आता ही तेरावी पयल्या गाठीवर."

तिघे पुन्हा उभे राहिले, दोरी ताणली गेली, आणि कोपरा खटकन सरळ झाला. पोरांनी असा ओरडा केला की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेल्या माणसाने करावी अशीच ती चूक होती, आणि ती इतकी खरी होती की सरांना आनंदाने काय करू न काय नको असं झालं. त्यांनी आधी बुटाने ती वाकडी रेघ पुसायला घेतली. मग सगळा वर्गच पुसायला धावला. फक्कीचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत सर पुसत राहिले. शनिवारी मुली जिंकल्या नाहीत, पण मैदान मात्र फार सरळ होतं असं पाहुण्या शाळेच्या बाईंनी आवर्जून सांगितलं.

पुढचे आठ दिवस सरांची धडगत नव्हती. एकदा बांध फुटल्यावर काय विचारता! सर, तारीख चुकली. सर, रेघ वाकडी आली. सर, शर्टाचं बटण एक घर चुकलंय. निम्म्या वेळा पोरं बरोबर असत, निम्म्या वेळा उगाच. सर प्रत्येकाला कशावरून विचारत आणि बटण सारखं करत.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: अ उणे पाचचा वर्ग आणि पाच उणे अ चा वर्ग, दोन्ही सारखेच.

"चुकलं सर," रुक्मिणी उभी राहिली. "उलटं केलं की सारखं कसं राहील? पाचातनं दोन गेले आनि दोनातनं पाच गेले, एकच आहे काय?"

ह्या वेळी सरांचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं, आणि जिभेच्या टोकावर ते येऊन बसलंही होतं. त्यांनी ते गिळलं. खडू पुढे केला. रुक्मिणी फळ्याकडे आली आणि तिची जागा रिकामी होती म्हणून सर प्रेमाच्या शेजारी, तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. बाक भलताच लहान होता.

तिने अ च्या जागी दोन घातले. उणे तीनचा वर्ग. तीनचा वर्ग. एका बाजूला नऊ आले. दुसऱ्या बाजूला नऊ आले. ती थांबली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांना वाटलं, झालं. आता ही खडू ठेवील, वेणी तोंडात धरील आणि पुन्हा वर्षभर बोलायची नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली. पाचपर्यंतच पोचले.

"अय्या, सर! माझंच चुकलं!" रुक्मिणी वळली, आणि ती हसत होती. स्वतःलाच हसत होती, खळखळून. "थांबा थांबा, कशावरून ते मीच सांगते. उणेला उणेनं गुणलं ना, की—"

"मी सांगतो!" "नको, तिला सांगू दे!" "पन सात घालून बघ ना!" सगळा वर्ग उठला. दोघे फळ्याकडे धावले, कुणी बाक आपटला, पार्टिशन थरथरलं.

तेवढ्यात दार उघडलं. मुख्याध्यापक देवस्थळी सर दारात उभे होते, कपाळाला आठ्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, तिथे पोरंच पोरं. टेबलाकडे पाहिलं, खुर्ची रिकामी.

"काय चाललंय हे? कुणाचा तास आहे इथे?"

वर्ग चिडीचूप झाला. सबनीस सर तिसऱ्या बाकावरून उठायला गेले, पण गुडघे अडकले होते. म्हणून त्यांनी शाळकरी पोरासारखा बसल्याबसल्याच हात वर केला.

"रुक्मिणी घाडीचा आहे, सर," ते म्हणाले. "तिचं सांगून व्हायचंय अजून. तुम्हीही बसा ना."